ग्रंथांना भोकं, फळीवर पीठ: धुरीच्या प्रस्तावावर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संस्थेचं छोटं संग्रहालय आहे, त्याला लागून ग्रंथालय आणि जुन्या दप्तरांची खोली आहे. एका कपाटातल्या चामडी बांधणीच्या काही ग्रंथांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडली आहेत आणि खालच्या फळीवर तपकिरी पीठ सांडलंय. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी सगळ्या इमारतीला एकदा धुरी, म्हणजे कीड मारणारा विषारी वायू, आणि मग दर ३ महिन्यांनी फवारणी असा प्रस्ताव दिलाय. कपाटांत डांबर गोळ्या आधीपासूनच आहेत. शिवाय तुम्ही विचारलंय की वरच्या दालनातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांना इतकी वर्षं काहीच कसं झालं नाही. पक्ष्यांकडे शेवटी येतो, कारण तिथे जरा वेळ द्यावा लागेल.

प्रस्तावावर आज सही करू नका. धुरी देणं नेहमीच चूक असतं असं नाही. पण कीड कोणती, ती जिवंत आहे का आणि आली कुठून, ही तीन उत्तरं हातात नसताना दिलेली धुरी म्हणजे निदानाआधी केलेलं ऑपरेशन. शिवाय वायू निघून गेला की ग्रंथात कसलंही संरक्षण उरत नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतून एक मादी आत आली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. संग्रहाचं रक्षण करायचं तर औषधाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तेही फक्त कीड लागलेल्या वस्तूपुरतं.

आज एवढंच करा. भोकं पडलेले ग्रंथ आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकेक करून जाड पॉलिथीनच्या पारदर्शक पिशवीत घाला आणि तोंड टेपने बंद करा. हे काम कपाटापाशीच उरका. उघडे ग्रंथ हातात घेऊन इमारतभर फिरू नका, वाटेत पडलेली एक अळीही दुसऱ्या कपाटापर्यंत पोचते. फळीवरचं पीठ लगेच पुसून टाकू नका. थोडं कागदाच्या पुडीत घेऊन तारीख आणि कपाटाचा क्रमांक लिहून ठेवा. मेलेला किडा, कात, पंखाचा तुकडा, जे काही सापडेल ते याच पद्धतीने वेगळं ठेवा. पुराव्याआधी झाडू फिरला की कीड ओळखणं फार अवघड होऊन बसतं.

मग पाहायचं, कीड जिवंत आहे का. अर्ध्याहून जास्त वेळा लोक मला जे दाखवतात तो कित्येक वर्षांपूर्वीचा उपद्रव असतो. पीठ सांडलेलं दिसलं म्हणजे कीड चालू आहे असं समजू नका, जुन्या बोगद्यातलं पीठ ग्रंथ हलवला की आजही खाली पडतं. भोकाकडे भिंगातून आणि बाजूने उजेड टाकून बघा. ताज्या भोकाची कड धारदार असते आणि आतला पुठ्ठा किंवा लाकूड उजळ दिसतं. जुन्या भोकाची कड बोथट, आत धुळीचा रंग, कधी कोळ्याचं जाळं. मग ग्रंथ मऊ ब्रशने नीट साफ करा, पांढऱ्या कागदावर ठेवा, पिशवीत बंद करा आणि दर आठवड्याला नुसतं बाहेरून बघत राहा. हवा उबदार असेल तर ३-४ आठवड्यांत कागदावर नवं पीठ पडतं किंवा चालता भुंगेरा दिसतो. थंडीचे दिवस असतील तर एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. अळ्या आत मंदावून पडलेल्या असतात, उबदार हवा येईपर्यंत ग्रंथ पिशवीतच राहू द्या.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय ॲनोबिड कुळातल्या भुंगेऱ्यांवर आहे. ग्रंथांत सापडतात ते मुख्यतः स्टेगोबियम पॅनिसियम, म्हणजे ड्रगस्टोअर बीटल, आणि लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, म्हणजे सिगारेट बीटल. उष्ण प्रदेशात गॅस्ट्रॅलस जातीही आढळतात. सगळे २ ते ३ मिलिमीटरचे, तपकिरी. पहिल्या दोघांत फरक करायचा तर भिंग लागतं: स्टेगोबियमच्या पाठीवर उभ्या रेघा असतात आणि स्पर्शिकेच्या टोकाला तीन जाड पेरं असतात. लॅसिओडर्माची पाठ गुळगुळीत आणि स्पर्शिका करवतीसारखी दातेरी. भोक पाडतो तो बाहेर पडणारा प्रौढ, पण नुकसान त्याच्या आधीच झालेलं असतं. अळी कित्येक आठवडे बांधणीच्या आत खात असते, आणि तिला मुख्यतः हवी असते खळ, म्हणजे पिठाची चिकी, आणि सरस. म्हणून बोगदे बहुतेक वेळा कण्याजवळ आणि पुठ्ठ्याच्या जोडावर सुरू होतात. स्टेगोबियमच्या पोटात यीस्टसारखे सूक्ष्मजीव राहतात आणि ते त्याला ब जीवनसत्त्वं पुरवतात, त्यामुळे इतर किडे जिथे उपाशी मरतील अशा निकस खाण्यावरही तो वाढतो. वाळवलेली औषधी पानं, मसाले, चामडं, जुन्या वनस्पतिसंग्रहाचे नमुने, यांतलं त्याला काहीही चालतं. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण २ महिन्यांत पुरा होतो, थंडीत कित्येक महिने लांबतो.

लाकडी फळ्याही तपासा. कित्येकदा ग्रंथ निर्दोष असतो आणि पीठ कपाटाचं असतं. चिमटीत घेतलेलं पीठ मैद्यासारखं अगदी मऊ लागलं तर लिक्टस, म्हणजे लाकडाचा भुगा करणारा भुंगेरा. तो रुंदपर्णी झाडांच्या बाहेरच्या पांढऱ्या, पिष्टमय लाकडात राहतो. पीठ बोटांना रवाळ लागत असेल आणि भिंगाखाली दोन्ही टोकांना निमुळते दाणे दिसले तर ॲनोबियम, फर्निचर बीटल.

भोकांऐवजी कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या, लेबलं आणि फोटोंचं जिलेटिन चाटलेलं दिसत असेल तर ती कसर. तिच्या आयुष्यात अळी-कोश हा टप्पाच नसतो. पिल्लू जन्मापासून आईसारखंच दिसतं, काही वर्षं जगतं आणि मरेपर्यंत कात टाकत राहतं. नेहमीच्या कसरीला भरपूर ओल लागते, सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ती नळाच्या, मोरीच्या, ओल्या भिंतीच्या जवळ दिसते. पण करडी, लांब शेपटीची टेनोलेपिस्मा ही जात ५५ टक्क्यांवरही आरामात राहते. गेल्या दशकात युरोपातल्या नव्या, कोरड्या, व्यवस्थित गरम ठेवलेल्या इमारतींतही ती पसरली. ती बहुधा खोके, पुठ्ठे आणि मालाबरोबर आत येते. कसर दिसली म्हणजे ओल असणारच, हे जुनं समीकरण आता सरसकट लावू नका.

कागदांवर पळणारे फिकट, मिलिमीटरभराचे ठिपके म्हणजे बुकलाइस. ते डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म बुरशी खातात. त्यांना मारत बसू नका, ओल शोधा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणली की काही आठवड्यांत ते आपोआप संपतात.

संग्रहालयाच्या बाजूला लोकर, रेशीम, पिसं, कातडी, शिंगं असतील तर तिथला शत्रू वेगळा: कपड्यांचे पतंग आणि कार्पेट बीटल. पतंगाच्या अळीला अंधार आणि निवांतपणा लागतो. कपड्याच्या घडीत, घामाच्या किंवा खरकट्याच्या डागावर ती आधी बसते, आणि मागे रेशमी जाळं सोडते. कार्पेट बीटलची अळी केसाळ असते, जाळं करत नाही, पण तिच्या टाकलेल्या काती सगळीकडे सापडतात, पोकळ आणि तपकिरी. प्रौढ कार्पेट बीटल फुलांतले परागकण खातो आणि उजेडाकडे उडतो, त्यामुळे तो खिडकीच्या चौकटीत मरून पडलेला सापडतो. माझ्या मते संग्रहालयातली कीडविषयक सगळ्यात मोलाची जागा म्हणजे खिडकीच्या आतली कड. गोल, ठिपकेदार, ३ मिलिमीटरचा मेलेला भुंगेरा तिथे दिसला की कुठेतरी अळ्या खात आहेत असं धरून शोध सुरू करायचा. सफाई करणाऱ्या माणसाला हे एकदा दाखवून ठेवलं तर तो तज्ज्ञाच्या कितीतरी आधी खबर देतो. याच कारणासाठी मी अशा दालनांत ताज्या फुलांच्या सजावटीला ठाम विरोध करतो.

वाळवीचं प्रकरण मात्र थांबण्यासारखं नाही. भिंतीवर, कपाटाच्या मागच्या बाजूला, पायाशी मातीच्या नळ्या दिसल्या, किंवा पुस्तक बाहेरून धड आणि आतून पोकळ निघालं, तर त्याच दिवशी हालचाल करा. जमिनीतली वाळवी वस्तूत राहत नाही. तिची वसाहत मातीत असते आणि रोज ओलाव्याकडे परत जाते. म्हणून पुस्तकावर औषध मारून काही साधत नाही. नळी कुठून येते ती वाट मागे मागे शोधत जा, वाटेत कुठे गळकं पाणी, बाहेरची भिंतीला टेकलेली माती, जमिनीत रुतलेली लाकडी चौकट सापडते ते बघा. इथे व्यावसायिक माणूस लागतोच. हेक्साफ्लुम्युरॉनसारख्या रसायनाची आमिषं असतात, ती कामकरी वाळवीच्या कात टाकण्यात बिघाड करतात आणि वसाहतच खचत जाते. ही पद्धत संग्रहापासून लांब, इमारतीच्या बाहेरच्या बाजूला राबवता येते, म्हणून मला पसंत आहे.

आता त्या प्रस्तावाबद्दल. संग्रहाला धुरी देण्याचा इतिहास फार उत्साहवर्धक नाही. मिथाइल ब्रोमाइड वर्षानुवर्षं वापरलं गेलं. गंधकयुक्त वस्तूंशी, म्हणजे चामडं, लोकर, पिसं, रबराशी, त्याची प्रक्रिया होऊन कायमची दुर्गंधी राहिली. ओझोनच्या थराला धोका म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यावर निर्बंध आले. काही अपवाद सोडले तर विकसित देशांत २००५ मध्ये आणि विकसनशील देशांत २०१५ मध्ये त्याचा वापर थांबला. इथिलिन ऑक्साइड कर्करोगकारक आहे आणि कागदा-चामड्यात मुरून पुढे कित्येक दिवस बाहेर येत राहतं. फॉस्फीन तांबं, पितळ, चांदी गंजवतं, म्हणजे जरीचे काठ, पितळी कोपरे, कुलपं, नाणी आणि विजेच्या जोडण्यासुद्धा. सल्फ्युरिल फ्लोराइड धातूंना सौम्य आहे, पण किड्यांची अंडी त्याला दाद देत नाहीत. शिवाय हवामान तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजार पट आहे. हे सगळे वायू माणसांनाही घातक आहेत, हे प्रस्तावात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिमाही फवारणीचं तर मला समर्थनच करता येत नाही. फवारा फरशीवर आणि भिंतीच्या कडेला पडतो, अळी बांधणीच्या आत सुरक्षित असते. अंगावर औषध पडतं ते कागदाच्या, कापडाच्या आणि रोज तिथे बसणाऱ्या माणसाच्या.

डांबर गोळ्या काढून टाका. दार सतत उघड-बंद होणाऱ्या कपाटात किडा मरेल इतकी वाफ कधी साठतच नाही. ती साठते तेव्हा पुन्हा स्फटिक होऊन वस्तूंवर बसते, काही प्लॅस्टिकं आणि राळा मऊ करते. नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांत घातलं आहे. बुरशी मारायला वापरतात ती थायमॉलची पेटीही तशीच, तिच्या वाफेने व्हार्निश आणि रंग मऊ पडतात. लवंग, कापूर, सुगंधी पानं यांच्या पुरचुंड्या किड्याला फार तर थोडं लांब ठेवतील, आत शिरलेल्या अळीला बाहेर काढत नाहीत. आणि वाळलेली पानं स्वतःच स्टेगोबियमचं खाणं आहेत, हे विसरू नका. पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयात किडे खाणारी वटवाघळं राहतात हे ऐकून बरेच जण हरखतात. तिथले कर्मचारी रोज संध्याकाळी टेबलांवर चामडी आच्छादनं घालतात आणि सकाळी विष्ठा साफ करतात, हेही ऐका. विष्ठा आणि मूत्र कागदाला घातकच असतात, त्यामुळे दुसरीकडे कुठेही मी हा मार्ग सुचवणार नाही.

तुमच्या ग्रंथांत कीड जिवंत निघाली तर उपाय आहे गोठवणं. हा आता नवा प्रयोग राहिलेला नाही. १९७७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात भुंगेरे सापडले तेव्हा दुर्मीळ ग्रंथ उणे २९ अंश सेल्सिअसला ३ दिवस गोठवले गेले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. लोकांना भीती वाटते की कागदातलं पाणी गोठून तंतू फाटतील. साध्या कोरड्या खोलीत ठेवलेल्या कागदात जे पाणी असतं ते तंतूंना धरून असतं, त्याचा बर्फ होत नाही. ओला ग्रंथ ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो निर्णय संवर्धकाचा, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाचा.

पद्धत सोपी आहे, पण पायऱ्या गाळू नका. ग्रंथ आम्लविरहित कागदात गुंडाळा, पॉलिथीनच्या पिशवीत घाला, हलक्या हाताने हवा दाबून काढा आणि पिशवी हवाबंद करा. हवा जितकी कमी, तितकं आत दव धरायचं भय कमी. ग्रंथ फ्रीझरमध्ये कोंबू नका, भोवती हवा खेळली पाहिजे, कारण तापमान झपाट्याने उतरणं महत्त्वाचं आहे. हळूहळू थंड होत गेलं तर काही किडे शरीरात बदल करून थंडी सोसायला शिकतात. तापमान उणे ३० पर्यंत जाणारा फ्रीझर असेल तर गाभा त्या तापमानाला पोचल्यावर ३ दिवस पुरतात. साधा, उणे १८ ते २० चा असेल तर २ आठवडे ठेवा. जाड ग्रंथाचा गाभा थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून एका नको असलेल्या जाड पुस्तकाच्या मध्यात तापमापकाची तार घालून एकदा तुमच्या फ्रीझरची परीक्षा घ्या. दारावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी निदान २४ तास उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल आणि वाळेल, ग्रंथ आत कोरडा राहील. घाईने उघडलेली पिशवी मात्र ग्रंथावरच दव आणते. मग मेलेले किडे आणि पीठ ब्रशने काढून ग्रंथ साफ करा. मेलेली कीड आत राहिली तर कार्पेट बीटलला मेजवानी मिळते, आणि पुढच्या तपासणीत नवी कोणती, जुनी कोणती हेही कळत नाही.

सगळंच गोठवता येत नाही. तैलचित्रं, काचेच्या निगेटिव्ह, लाखेचं काम, मेण, हस्तिदंत, वेगवेगळ्या द्रव्यांची जडवणूक केलेलं फर्निचर यांना फ्रीझरपासून लांब ठेवा, थंडीत प्रत्येक द्रव्य वेगळ्या मापाने आकुंचन पावतं. अशा वस्तूंसाठी ऑक्सिजन काढून घेण्याची पद्धत आहे. वस्तू ऑक्सिजन अडवणाऱ्या खास फिल्मच्या पिशवीत बंद करून ऑक्सिजन ०.३ टक्क्यांच्या खाली आणायचा, मोठ्या वस्तूसाठी नायट्रोजन सोडून, छोट्यासाठी लोहचूर्णाची शोषक पाकिटं ठेवून. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर ३ ते ५ आठवडे, थंड असेल तर आणखी. साधं पॉलिथीन इथे चालत नाही, त्यातून ऑक्सिजन आत येत राहतो. आत ऑक्सिजनदर्शक गोळी ठेवा आणि तिचा रंग रोज बघा. शोषक पाकिटं काम करताना तापतात, ती वस्तूला टेकू देऊ नका. प्रशियन निळा रंग असलेलं चित्र किंवा छापील नकाशा असेल तर थांबा, ऑक्सिजनशिवाय हा रंग फिका पडतो. नियंत्रित आर्द्रतेत ५५ अंशांपर्यंत तापवण्याची पद्धत लाकडासाठी चांगली आहे, पण त्यासाठी खास कक्ष लागतो. गॅमा किरणांचा उपयोगही झाला आहे. १९७७ मध्ये फ्रान्समध्ये इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीवरची बुरशी अशीच मारली गेली. पण त्या किरणांनी कागदाचा सेल्युलोज कमकुवत होतो आणि ती हानी दर वेळी साठत जाते, म्हणून ग्रंथांसाठी तो शेवटचा पर्याय.

पण हे सगळं करून ग्रंथ त्याच कपाटात परत ठेवले तर पुढच्या वर्षी तुम्ही मला पुन्हा लिहाल. कपाट पूर्ण रिकामं करा. फळ्यांच्या सांधी, मागची फळी आणि भिंत यांतली फट, कपाटाखालची जागा, हे सगळं हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारी, गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने साफ करा. किडे वाढतात ते या न दिसणाऱ्या जागांत. कपाट भिंतीपासून हातभर, आणि ते शक्य नसेल तर निदान १५ सेंटिमीटर, सरकवा, आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून तितकीच वर. तापमान-आर्द्रतेची आपोआप नोंद ठेवणारं यंत्र, म्हणजे डेटालॉगर, कपाटाच्या आत ठेवा, खोलीच्या मध्यात नाही. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात आर्द्रता खोलीपेक्षा बरीच जास्त निघू शकते. ५५ टक्क्यांच्या आत राहिलात तर बुरशी, बुकलाइस आणि साधी कसर यांचा प्रश्न बराचसा सुटतो. ॲनोबिड ग्रंथकीटक मात्र आर्द्रतेपेक्षा तापमानाला जास्त जुमानतात. २० अंशांखाली त्यांची वाढ बरीच मंदावते, १५ च्या खाली जवळपास थांबते. तितकं थंड ठेवणं परवडत नसेल तर निदान सर्वांत उष्ण कपाट कोणतं ते ओळखा आणि मौल्यवान ग्रंथ तिथून हलवा. दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद करा, खिडक्यांना बारीक जाळी लावा, साठवणखोलीत चहा-बिस्किटं बंद करा.

उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाऊन उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो, त्या कलेवरावर कार्पेट बीटल वाढतात आणि मग ते तुमच्या लोकरी वस्त्रांकडे वळतात. दाबाचे सापळे लावा आणि रोज बघा. छतातली पाखरांची घरटीही पिल्लं उडून गेल्यावर काढा, कारण तेच.

सगळ्यात जास्त कीड दारातून, आपल्याच हातांनी येते: देणगीचे ग्रंथ, प्रदर्शनाहून परतलेली वस्तू, जुने खोके, पॅकिंगचं गवत. नव्या प्रत्येक वस्तूसाठी मुख्य संग्रहापासून लांब एक खोली किंवा निदान एक बंद कपाट राखून ठेवा. तपासणी झाल्याशिवाय, आणि शंका असेल तर गोठवल्याशिवाय, काहीही आत नाही. देणगीदार मोठा माणूस असला तरी हा नियम मोडू नका. माझ्या पाहण्यात नियम मोडला गेला तो बहुतेक अशाच कारणाने.

आणि सापळे लावा, विष नसलेले, साधे चिकट. ते कीड संपवण्यासाठी नसतात, बातमी आणण्यासाठी असतात. भिंत आणि फरशी मिळते त्या कोनात भिंतीला लागून, दाराच्या दोन्ही बाजूंना, खिडकीखाली, पाइपजवळ, ग्रंथ काढले त्या कपाटात. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख, आणि खोलीच्या नकाशावर त्याची जागा. पहिले काही महिने दर महिन्याला वाचा, पुढे तिमाही चालेल. वाचायचे म्हणजे काय तेही सांगतो. दाराजवळच्या सापळ्यात मुंग्या, कोळी आणि बाहेरचे भुंगेरे दिसले तर फट आहे. पाइपजवळच्यात कसरीची पिल्लं दिसली तर ती तिथेच वाढतेय. एकाच कपाटातल्या सापळ्यात दोन वाचनांत स्टेगोबियम वाढले तर उगम हाताच्या अंतरावर आहे. एक मोठा आकडा घेऊन घाबरण्यापेक्षा कुठल्या सापळ्यात काय बदललं हे बघा. स्टेगोबियम, लॅसिओडर्मा आणि कपड्यांच्या पतंगासाठी फेरोमोनची, म्हणजे मादीच्या गंधाची, आमिषं मिळतात. त्यांत नर अडकतात, पिढी थांबत नाही, पण उगम शोधायला ती फार उपयोगी पडतात. उघड्या खिडकीशेजारी ठेवू नका, नाहीतर बाहेरचे आत बोलावाल. नोंदवही एका माणसाच्या नावावर असू द्या. सगळ्यांची जबाबदारी असली की महिनाभरात ती कुणाचीच राहत नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना सरळ नकार देण्याची गरज नाही. त्यांच्याकडून इमारतीच्या बाहेरची बाजू, गटारं, स्वयंपाकघर, वाळवीची आमिषं ही कामं घ्या. करारात लिहून घ्या की साठवणखोली, ग्रंथालय आणि दालनांत लेखी परवानगीशिवाय कोणतंही रसायन येणार नाही, आणि वापरलेल्या प्रत्येक रसायनाचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख तुमच्या नोंदवहीत लिहिली जाईल. युरोपात संग्रहांच्या कीड-व्यवस्थापनासाठी ईएन १६७९० हे २०१६ चं मानक आहे. त्याची भाषा करार करताना उपयोगी पडते.

आता ते पक्षी. कार्पेट बीटल आणि पतंग यांच्या मार्गात इतकी वर्षं उघडे ठेवलेले पेंढा भरलेले पक्षी शाबूत राहतात, तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकूर यांनी आर्सेनिकचा साबण वापरात आणला आणि पुढे विसाव्या शतकातही कित्येक वर्षं कातडी आतून त्याच्याने माखण्याची रीत होती. वनस्पतींच्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विषारी संयुग लावत, आणि नंतर डीडीटीही आलं. आर्सेनिक मूलद्रव्य आहे, काळाने ते विरत नाही. पिसांच्या मुळाशी, डोळ्यांभोवती, पायांशी, टाक्यांच्या रेषेवर पांढरी पूड किंवा स्फटिक दिसतात का बघा. दिसले नाहीत तरी ते नाही असं धरू नका. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या, हातात नेता येणाऱ्या एक्स-रे फ्लुओरोसन्स यंत्राने वस्तूला हात न लावता आर्सेनिक आणि पारा तपासता येतो, विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागात असं यंत्र असू शकतं. तोपर्यंत मुलांच्या हाताळणीच्या कार्यक्रमातून हे पक्षी काढून घ्या. ते झटकू नका आणि साध्या व्हॅक्यूमने साफ करू नका, पूड हवेत उडेल. हाताळायचेच झाले तर नायट्राइलचे हातमोजे, धूळ अडवणारा मास्क आणि वेगळा एप्रन घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि टेबलावरचा कागद वेगळ्या पिशवीत बंद करा. कपाटाच्या दारावर आणि नोंदवहीत प्रत्येक पक्ष्यापुढे ‘आर्सेनिक असण्याची शक्यता, तपासणी बाकी’ असं आजच लिहून ठेवा.